पाटलिणीची पहिली धार

इराप्पा गवळ्याच्या मानेवर, डाव्या कानाच्या जरा खाली, वाळल्या खारकेसारखा आक्रसलेला एक व्रण होता. चिंचेच्या कट्ट्यावर जेवढ्या म्हशी उभ्या राहत, त्याहून जास्त गोष्टी त्या व्रणाच्या होत्या. दाजीपूरच्या रानात वाघाशी कुस्ती लागली आणि वाघानं मानेला धरलं, ही त्यातली सगळ्यांत जुनी. त्या गोष्टीत वाघ शेवटी चितपट होई, अंगावरची माती झटकून इराप्पाच्या पाया पडे आणि मगच रानात जाई. दुसऱ्या गोष्टीत वीज पडली होती, पण इराप्पाच्या मानेतून जाताना तिलाच गुदगुल्या झाल्या आणि ती हसत हसत परत वर गेली. गिऱ्हाईक लहान की मोठं, घाईत आहे की निवांत, हे बघून कुठली गोष्ट काढायची ते ठरे.

खरी गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती, कारण तिला काही चवच नव्हती. लहानपणी गंडमाळ झाली, गाठ फुटली, आजीनं बिब्ब्याचा चटका दिला आणि तो जगला. पाठची बहीण कस्तुरा जगली नाही. तिला नजर लागली, असं घरात म्हणत.

संध्याकाळी म्हशी रस्त्याकडेला आणून बांधायच्या, गिऱ्हाइकानं पेला पुढं करायचा आणि गवळ्यानं त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची, ही कोल्हापूरची जुनी रीत. पण आता म्हैस आणि पेला यांच्यामध्ये एक यंत्र येऊन बसलं होतं. रस्त्यावर निरसं दूध विकायला बंदी आली, तेव्हा सरकारनं प्रत्येक गवळ्याला एक वेटोळी नळी दिली. चरवीतलं दूध एका टोकानं आत जाई आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत तापून, निवून दुसऱ्या टोकानं बाहेर पडे. यंत्राचं सरकारी नाव जिभेला पेलण्यासारखं नव्हतं, म्हणून कट्ट्यावर सगळे त्याला नागोबा म्हणत. पहिल्या दिवशी इराप्पानं नागोबाला हळदकुंकू वाहिलं आणि जमलेल्यांना म्हणाला, "ह्यो देव दूध पितोय आणि हगतोय बी दूधच. असला देव मी पयल्यांदा बघितला, मर्दानो."

नागोबाशिवाय त्यानं गिऱ्हाइकाला थेंब दिला नाही. कायदा तो पाळायचा. मात्र मनातून त्याचं ठाम मत होतं, की तापवलं की दूध मेलं. गिऱ्हाइकाला मेलेलं चालतं. घरच्या लेकराला जितं पाहिजे.

म्हणून कट्टा सुरू होण्याआधी रोज एक लहानसा सोहळा व्हायचा. पाटलीण ही त्याची सगळ्यांत लाडकी म्हैस. शिंगं मागं वळून पार कमरेपर्यंत गेलेली, आणि रुबाब असा की रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवला तर ती वळून त्यांच्याकडे बघायची, ते माफी मागायचे. पाटलिणीनं पान्हा सोडला की इराप्पाची नात, चार वर्षांची गिरिजा, तिच्या कुशीजवळ येऊन उभी राही. हात मागं बांधलेले, मान वर, डोळे गच्च मिटलेले आणि तोंड सताड उघडं. इराप्पा आचळ जरा तिरकं करी आणि पहिली धार थेट नातीच्या तोंडात सोडी. अर्धी तोंडात, अर्धी नाकात. इराप्पाच्या आज्यानं त्यालाही असंच पाजलं होतं, पाटलिणीच्या खापरपणजीचं. गिरिजानंतर नंबर जाईचा. जाई ही शेजारच्या सदा फुलाऱ्याची लेक, गिरिजापेक्षा थोडी मोठी. इराप्पाच्या गोष्टींना तिच्याएवढं मोठ्यानं हसणारं कट्ट्यावर कुणी नव्हतं. ती हसली की बापाच्या हारातली फुलं ओघळतात, असं इराप्पा म्हणे.

विकायचं ते नागोबातून, मायेचं ते थेट. असा त्याचा हिशेब होता.

गाठ पहिल्यांदा सापडली रेणुकाला. इराप्पाची ही सून. नवरा मस्कतला नोकरीला, ती इथं कापडाच्या दुकानात; संध्याकाळी कट्टा भरे तेव्हा ती तिथंच असे. सकाळी लेकीची वेणी घालताना तिचा हात थबकला.

"मामा, हिच्या मानंला बघा की काय लागतंय."

इराप्पानं चाचपलं. कानाखाली आवळ्याएवढी गाठ. टणक, पण दाबली तरी पोर रडेना. त्याचा दुसरा हात नकळत स्वतःच्या मानेकडे गेला आणि लगेच खाली आला.

"अवधाणाची गाठ असंल. डोक्यात उवा झाल्या की येतंय."

"उवा न्हाईत हिच्या."

"मग होतील. मिठाच्या पुरचुंडीनं शेक."

शेकून शेकून कातडी लाल झाली आणि आवळ्याचं लिंबू झालं. तेव्हा रेणुकानं सासऱ्याला न विचारता मुजावर डॉक्टरांकडे नंबर लावला.

शबाना मुजावर याच पेठेत वाढलेली बाई. इराप्पा तिला परकरात असल्यापासून ओळखत होता. तिनं गिरिजाची मान बोटांनी हळूहळू तपासली.

"काका, घाबरू नका, पण हयगयबी करू नका. गाठ म्हणजे आजार न्हवे. गाठ म्हणजे तालीम. आपल्या मानेत दोन्ही बाजूंनी अशा कितीतरी तालमी हायत. जंतू आत शिरला की त्याला उचलून तालमीत आणतात, आणि तिथली पोरं त्याच्याशी झटून त्याचे डाव शिकतात. सर्दी झाली, दात किडला, तर तालीम थोडे दिवस गजबजते आणि मग रिकामी होते. लहान पोरांच्या मानेत हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी असल्याच. पण गाठ वाढतच चालली, आठवडे गेले तरी उतरंना, तर समजायचं की आत आलेला गडी चिवट हाय."

"कोण गडी?" रेणुकानं विचारलं.

"मला क्षयाचा वास येतोय. औषध आजपासनंच सुरू करू. पोरगी बरी होणार. पण गडी कुठल्या गावचा ते ही टिकली सांगेल." आणि तिनं गिरिजाच्या गाठीवर एक चंदेरी टिकली चिकटवली.

टिकली म्हणजे कपाळाच्या टिकलीएवढंच यंत्र, पण तिच्या पोटात केसाहून बारीक सुया. गाठीतला अर्धा थेंब त्या ओढून घेत आणि दोन गोष्टी वाचत. तालमीतली पोरं कुठले डाव शिकली आहेत, म्हणजे समोरचा गडी कोण, ही पहिली. आणि तो गडी स्वतः सापडला, तर त्याचं कूळ, ही दुसरी.

"जंतूला कसलं आलंय कूळ?" इराप्पा म्हणाला.

"तुमच्या वाघाच्या गोष्टीला हाय की न्हाई? आमच्या गल्लीत तुमचा वाघ लंगडा होता. वरच्या गल्लीत तो काणा झाला. खालच्या गल्लीत वाघाची वाघीण झाली. कुणी मला ही गोष्ट सांगितली, तर त्यानं ती कुठल्या गल्लीत ऐकली ते मी वाघाच्या डोळ्यावरनं सांगते. जंतूचं तसंच. एकाकडनं दुसऱ्याकडं जाताना त्याच्यात कुठंतरी एखादा बारीक फरक पडतो. ते फरक जुळवत मागं गेलं की पहिलं घर सापडतं."

यालाच लोक 'नाव निघणं' म्हणत. टिकली आल्यापासून कितीतरी लेकरं वेळेवर उपचार मिळून वाचली, हे खरं. पण शहराची रीतभात पार बदलून गेली. बारशाला बायका पाळण्यापासून हातभर लांब उभ्या राहून पाळणा म्हणू लागल्या. भाच्याचा मुका घेतलेल्या एका आत्याचं नाव निघालं, तेव्हापासून भावानं तिला दारात उभं केलं नाही. बालवाडीच्या बाई रडणाऱ्या पोराला मांडीवर घेईनात. पूर्वी लेकरू आजारी पडलं की नजर लागली म्हणत. नजरेला नाव नव्हतं, म्हणून भांडणही नव्हतं. मीठमिरच्या उतरून टाकल्या की सगळे पुन्हा एका ताटात जेवत.

डॉक्टरांनी रेणुकाचीही छाती तपासली, कारण ती दिवाळीपासून खोकत होती. चित्रात एक धूसर डाग दिसला. जुना की नवा, ते कळेना.

"टिकलीचं उत्तर यायला पंधरवडा लागेल. हा जंतू आळशी हाय, सावकाश वाढतोय," डॉक्टर म्हणाल्या. "तोवर रेणुका, लेकीपासनं जरा लांब झोप. आणि काका, पोरीला निरसं दूध देता काय?"

आता खोटं इराप्पाच्या जिभेवर इतकं सरावलेलं, की खरं बोलायचं म्हटलं तर तिला वळण द्यावं लागे. त्याच्या डोळ्यांपुढं पाटलीण आली. कट्ट्याच्या गवळ्यांना नियम तोंडपाठ होता: जनावरात हा रोग सापडला तर परवाना रद्द आणि जनावराला सुई. खुंटा मोकळा.

"नागोबाच्या पोटातनं गेल्याबिगर थेंब न्हाई, बाई," तो म्हणाला. "सरकारची शपथ."

त्या पंधरवड्यात रेणुका तोंडाला ओढणी बांधून घरात वावरू लागली. लेकीचं ताट ती लांबूनच सरकवायची. रात्री ती सोप्यात झोपे आणि आत गिरिजा आज्याच्या कुशीत.

"आई, मी येऊ?"

"नको बाळा. तिथंच झोप. मी हितंच हाय."

"आई, तू माझ्यावर रागावलाईस?"

सोप्यातून खोकला दाबल्याचा आवाज तेवढा यायचा. इराप्पा कूस बदलायचा. 'सांगावं' असं दर वेळी त्याच्या ओठांवर येई, आणि दर वेळी त्याला वाटे, रेणुकाचंच नाव निघालं तर? मग पाटलिणीचा काय संबंध? उगाच आपणच म्हशीच्या गळ्यात दोर का घाला?

गिरिजाला त्यानं कट्ट्यावर आणणं मात्र बंद केलं, सबब सांगितली औषधाची. तिच्या वाटची धार जाईला मिळू लागली. पान्हा सोडलेल्या म्हशीची पहिली धार मातीत घालायची नसते, असं त्याचा आजा म्हणायचा.

पण दिवसादोन दिवसांत जाई किरकिर करू लागली. डोकं दुखतं म्हणे, खाल्लेलं उलटून टाकी. एका संध्याकाळी तर वाघ चितपट झाला तरी ती हसली नाही.

"नजर लागली बघा पोरीला," सदा फुलारी म्हणाला. "इराप्पा, तुमचा हात चांगला हाय. जरा उतरून टाका की."

इराप्पानं आपल्या हातानं मीठमिरच्या तिच्यावरून उतरल्या आणि चुलीत टाकल्या. ठसका कुणालाच आला नाही. "बगा, केवढी नजर हुती!" असं सगळे म्हणाले.

उत्तर आलं तेव्हा दवाखान्यात रेणुका कोपऱ्यातल्या खुर्चीवर ओढणीत तोंड दाबून बसली होती. डॉक्टरांनी पडदा वळवून दाखवला. पडद्यावर जंतूचं कूळ झाडासारखं पसरलं होतं. एका फांदीच्या टोकाला गिरिजाचं नाव, आणि त्याच फांदीच्या बुडाशी जवळचं एकच नाव.

इराप्पा गवळी.

"परवान्याच्या तपासणीत गेल्या वर्षी तुमच्या मानेच्या व्रणावर टिकली लावली होती," डॉक्टर म्हणाल्या. "ते वाचन साठवलेलं होतं. तुमच्या जुन्या गाठीतला जंतू आणि हिचा, एकाच कुळातले."

रेणुकानं तोंडावरची ओढणी खाली ओढली. आपलं नाव नाही, एवढंच तिला आधी कळलं, आणि ती ढसाढसा रडू लागली. इराप्पालाही, खोटं कशाला सांगा, हायसं वाटलं. पाटलीण सुटली होती.

"हां बाई, माझ्यामुळंच झालं," तो लगबगीनं म्हणाला. "मीच तिला जवळ घेऊन झोपतोय. आता काय शिक्षा असंल ती मला द्या."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "काका, माझ्या समोर बसलेला माणूस एवढ्या घाईनं कधी कबूल होत न्हाई. तुमची गाठ साठेक वर्षांमागं मिटली. कुलूप लावलेल्या तालमीतनं गडी बाहेर पडत न्हाई. आणि हा माणसांचा जंतूच न्हवे. हा गुराढोरांचा हाय."

मग डॉक्टर बॅटरी घेऊन गिरिजाकडे वळल्या. "चल गिरिजा, घसा बघू. आ कर."

गिरिजा खुर्चीवरून उतरली. हात मागं बांधून ताठ उभी राहिली. मान वर केली, डोळे गच्च मिटले आणि तोंड सताड उघडलं.

घसा दाखवायला कुणी डोळे मिटत नाही. हात मागं बांधत नाही.

शबाना मुजावरच्या हातातली बॅटरी तशीच राहिली. नागोबा यायच्या कितीतरी आधी, परकर-पोलक्यात, तीही त्याच कट्ट्यावर अशीच उभी राहिली होती. आधी नाकात फेस जायचा आणि मग हसू यायचं.

"इराप्पाकाका," ती अगदी हळू म्हणाली, "ओळीत हिच्या मागं कोण उभारतंय?"

"कस्तुरा," इराप्पा म्हणाला.

रेणुकानं वर बघितलं. घरात त्या नावाचं कुणी नव्हतं.

त्यालाही ते नाव ऐकू आलं, आणि साठ वर्षं नजर नजर म्हणून झाकून ठेवलेलं सगळं एकाएकी उघडं पडलं. आज्याच्या म्हशीपाशी ओळीत पहिला तो, आणि मागून त्याच्या बंडीचं टोक धरून उभी कस्तुरा. पाटलिणीच्या खापरपणजीनं दिलेली धार. लेकीला आईकडून शिंगांचं वळण मिळावं, तसा तो जंतू गोठ्यात पिढी दर पिढी उतरत आला होता. आणि तो त्याच मायेनं, त्याच हातानं पुढं पाजत होता. नागोबातून पेले भरून गेलेल्या कितीतरी गिऱ्हाइकांना काही झालं नव्हतं. ज्यांना दूध विकलं ते धडधाकट होते.

"न्हाई... जाई," तो म्हणाला. "सदाची जाई. तिला उलट्या व्हायला लागल्यात, बाई. लौकर बोलवा. लई दिवस झालं."

डॉक्टर खुर्ची मागं ढकलून उठल्याच.

रेणुका मात्र जागची हलली नाही. तिचं रडू थांबलं होतं. "मामा," ती म्हणाली, "पंधरा दिवस ती मला विचारत होती, आई तू रागावलाईस काय. मी भिंतीकडं तोंड करून झोपत होतो. आणि तुमी हे सगळं माहीत असून आयकत होता."



जाईची गाठ मानेत नव्हतीच. जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत गेला होता. ती कित्येक आठवडे मोठ्या दवाखान्यात होती. डॉक्टरांनी तिला वाचवलं. कान मात्र वाचले नाहीत. "पंधरवड्याआधी आली असती तर?" असं सदा फुलाऱ्यानं विचारलं, तेव्हा मुजावर डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिल्या. सदा इराप्पाच्या अंगावर धावून गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं आपली हारांची पाटी उचलून रस्त्याच्या पलीकडे मांडली, तेवढंच.

पाटलिणीला सुई देणारी माणसं सकाळी आली. तिची कास भरलेली होती आणि ती अस्वस्थ हलत होती. "जरा थांबा," इराप्पा म्हणाला. "भरल्या कासंनं पाठवू नये." तो खाली बसला आणि त्यानं धार काढली. अगदी पहिली धारसुद्धा औषध घातलेल्या बादलीत पडली. पाटलीण निवांत झाली, मान वळवून त्याच्या खांद्याला नाक घासू लागली. त्यानं तिच्या कानात काहीतरी सांगितलं. सुईवाला म्हणतो, त्याला 'वाघ' एवढा शब्द ऐकू आला.

परवाना गेला. तरी संध्याकाळ झाली की इराप्पा कट्ट्यावर येऊन मोकळ्या खुंट्यापाशी बसे. पुष्कळ दिवसांनी रेणुका गिरिजाला घेऊन आली. ती स्वतः बाजूला उभी राहिली, बसली नाही. नातीची गाठ फुटून वाहून गेली होती, आणि तिथं आता खारकेसारखा एक इवला व्रण होता.

"आज्जा, शाळेत इचारत्यात हे काय झालंय. मी काय सांगू?"

इराप्पानं घसा साफ केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं खरी गोष्ट सांगायला घेतली. आज्याची म्हैस सांगितली, धार सांगितली, कस्तुरा सांगितली. नागोबाला आपण फसवलं ते सांगितलं. सगळं अगदी जसंच्या तसं.

गिरिजानं शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली.

"खोटं," ती म्हणाली. "आज्जाच्या म्हशीनं कुणी आजारी पडतंय व्हय? ही गोष्ट चांगली न्हाई. वाघाची सांग."

इराप्पानं सुनेकडे बघितलं. ती रस्त्याकडे बघत होती. मग त्यानं वाघाची सांगितली. वाघ चितपट झाला. हसलं कुणी नाही.

तेवढ्यात रस्ता ओलांडून जाई आली. दवाखान्यातून परतल्यावर ती पहिल्यांदाच कट्ट्यावर आली होती. पलीकडून सदानं हाक मारली, दोनदा मारली. तिला ऐकू जाणार नव्हतं. तिच्याशी हातवाऱ्यांनी बोलायला अजून घरात कुणी शिकलं नव्हतं, आणि पाटलिणीचं काय झालं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं मोकळ्या खुंट्याकडे बघितलं. म्हैस यायची असेल, असं तिला वाटलं असावं. गिरिजा बसलेली पाहून, आज आपलाच पहिला नंबर म्हणून ती खुदकन हसली, आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. हात मागं बांधले. मान वर केली. डोळे गच्च मिटले, तोंड सताड उघडलं आणि वाट बघत राहिली.

कान गेलेले, डोळे मिटलेले. तिला सांगायचं तरी कसं?

इराप्पा गुडघ्यांवर हात देऊन उठला. त्यानं तिचं तोंड हलकेच मिटवलं. मग तिचा मागं बांधलेला हात सोडवून घेतला आणि तिचं बोट आपल्या मानेवरच्या व्रणावर ठेवलं. ते बोट धरून गिरिजाच्या मानेवर नेलं. आणि शेवटी तिच्याच कानावर आणून ठेवलं.

ते बोट तिथंच धरून तो उभा राहिला. जाईनं डोळे उघडले.